कोंबडी, मासळी आणि चिमूटभर सेलेनियम

हर्णैपासून मालवणपर्यंत बंदराजवळच्या घरांत कोंबड्यांसाठी वेगळं खाद्य क्वचितच आणतात. भाताचा कोंडा, कणी आणि मासळी साफ केल्यावर उरलेली डोकी-आतडी, एवढ्यावर त्या वाढतात. पोल्ट्रीच्या खाद्यातही प्रथिनांसाठी मासळीची भुकटी वापरतात. आता मासळी म्हटली की पारा आला. तारलीत तो नगण्य, पण लहान माशांवर वर्षानुवर्षं जगलेल्या मोरीत साठत गेलेला. तरी मासळीवर वाढलेली कोंबडी सहसा धडधाकट का दिसते, याचं थोडंफार उत्तर सेलेनियम या चिमूटभरच लागणाऱ्या मूलद्रव्याच्या इतिहासात आहे.

सेलेनियम सापडलं १८१७ मध्ये, स्वीडनच्या बर्झेलियसला. त्याच वर्षी जर्मनीत स्ट्रोमायरला जस्ताच्या संयुगात भेसळ म्हणून कॅडमियम हा विषारी धातू सापडला. पुढे शंभरावर वर्षं सेलेनियमचा लौकिक काही बरा नव्हता. १९३०च्या दशकात अमेरिकेच्या साउथ डकोटात गुरांचे खूर झडत, कोंबड्यांची अंडी उबत नसत. दोष निघाला जमिनीतल्या जास्तीच्या सेलेनियमचा.

मग १९५७ उजाडलं. श्वार्ट्झ आणि फोल्ट्झ यांनी दाखवलं की उंदरांचं यकृत सडण्यापासून वाचवतं ते हेच सेलेनियम. त्याच वर्षी कोंबडीच्या पिल्लांच्या कातडीखाली पाणी साठण्याचा आजारही त्यानेच टळतो हे कळलं. घोड्याच्या मूत्रपिंडात मेटॅलोथायोनिन हे धातू पकडून ठेवणारं प्रथिन सापडलं तेही १९५७ मध्येच, आणि प्रागच्या पारीझेक यांनी उंदरांच्या वृषणांना कॅडमियमपासून जस्त वाचवतं हे दाखवलं तेही त्याच साली. असं वर्ष विरळाच! याच पारीझेक यांनी १९६७ मध्ये सहकाऱ्यासोबत पाऱ्यावर सेलेनियमचा उतारा दाखवला.

आपल्या किनाऱ्यावरच्या प्रश्नाशी सर्वांत जवळचा प्रयोग १९७२चा. जपानमधल्या मिनामाताची, पारा साचलेली मासळी खाऊन माणसं दगावल्याची दुर्घटना जगाला कळून चुकली होती आणि डबाबंद ट्यूनाही संशयात आला होता. अशा वेळी अमेरिकेच्या विस्कॉन्सिनमध्ये गँथर आणि सहकाऱ्यांनी जपानी लाव्यांना मिथाइल पारा, म्हणजे माशांत साठणारं पाऱ्याचं विषारी रूप, खाऊ घातला, काहींना मका-सोयाबीनच्या खाद्यातून, काहींना ट्यूना मिसळलेल्या. ट्यूना खाणारे लावे जास्त तगले. माशात पारा होता तसं सेलेनियमही होतं.

मात्र तगणं म्हणजे विष बाहेर पडणं नव्हे, आणि खनिज मिश्रण विकणारे नेमकं हेच सांगायचं विसरतात. सेलेनियम पाऱ्याला चिकटून त्याला निष्प्रभ करतं. जस्तामुळे मेटॅलोथायोनिन वाढतं आणि ते कॅडमियमला यकृत-मूत्रपिंडात धरून ठेवतं. धातू बराचसा अंगातच राहतो. मिथाइल पारा तर अंड्याच्या पांढऱ्या भागातही उतरतो. म्हणजे पक्षी वाचला तरी खाणाऱ्याचा प्रश्न उरतोच.

प्रमाणही सांभाळावं लागतं. ब्रॉयलरला किलोभर खाद्यात ०.१५ मिलिग्रॅम सेलेनियम पुरतं. जस्त ४० मिलिग्रॅम. अमेरिकेने सेलेनियम खाद्यात घालायला परवानगी दिली ती १९७४ मध्ये, तीही हात राखूनच. परड्यातल्या कोंबडीला आपण शिंपल्यांची पूड घालतो ती अंड्याचं कवच घट्ट व्हावं म्हणून, पण पोटात कॅल्शियम भरपूर असलं की शिसंही कमी शोषलं जातं.

जस्ताचं मात्र जरा पारखूनच घ्यावं. खाद्यात घालायचं झिंक सल्फेट नीट शुद्ध केलेलं नसेल, तर त्यातूनच कॅडमियम खुराड्यात येतं. स्ट्रोमायरलाही ते जस्तातच सापडलं होतं.