बिबट्या जास्त काय खातो आणि निवडतो काय

अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. त्यातला एक आकडा तेव्हा सगळीकडे फिरला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. त्यावरून सर्रास म्हटलं जाऊ लागलं की बिबट्याला कुत्रं फार आवडतं. हे वाक्य कदाचित खरंही असेल, पण ३९ टक्क्यांवरून ते सिद्ध होत नाही. ‘खाण्यातला वाटा’ ही एक गोष्ट आहे आणि ‘निवड’ ही दुसरी. शिकारी प्राण्यांबद्दलच्या बातम्यांत या दोन्हींची इतकी सरमिसळ होते की त्यांतून काढलेले उपायही चुकतात.

वाटा काढायला विष्ठा पुरते. विष्ठेत न पचलेले केस सापडतात. ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की त्यांच्या खवल्यांच्या आणि आतल्या पोकळीच्या नक्षीवरून प्राणी ओळखता येतो. निवड सांगायची तर आणखी एक आकडा हवा: त्या परिसरात तो प्राणी मुळात होता किती? खाणावळीत रोज बटाट्याची भाजी खाणाऱ्याला बटाटा आवडतो की दुसरं काही शिजतच नाही, हे त्याच्या ताटाकडे बघून कळत नाही. म्हणून अभ्यासक खाण्यातला वाटा आणि परिसरातला वाटा यांची तुलना करून निर्देशांक काढतात. नेहमी वापरला जाणारा निर्देशांक उणे १ ते अधिक १ या पट्टीवर असतो. शून्य आलं तर जितकं भेटलं तितकंच खाल्लं, अधिक आलं तर निवडून खाल्लं, उणे आलं तर टाळलं किंवा साधलं नाही.

अकोले तालुक्याचा अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो तो याच कारणाने, कारण तिथे हा दुसरा आकडाही मोजलेला आहे. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट होत्या आणि तरीही बिबट्याच्या खाण्यात शेळीचा वाटा फक्त ११ टक्के निघाला. शेळी आणि गावठी कुत्रं यांच्या वजनात फार मोठी तफावत नसते. समोर येईल ते मारायचं असतं, तर शेळीचा वाटा कुत्र्याच्या कितीतरी पट दिसायला हवा होता. म्हणजे इथे केवळ वाटा मोठा नाही, निवडही खरोखर कुत्र्याकडे झुकलेली आहे.

पण या निवडीला ‘आवड’ म्हणायचं का? बिबट्याच्या शिकारीचे बहुतेक अभ्यास आफ्रिकेतले आहेत. ते एकत्र करून पाहिल्यावर त्याचा कल १० ते ४० किलोच्या प्राण्यांकडे दिसतो. कुत्रंही त्यात बसतं आणि शेळीही. तेव्हा वजनाने हा फरक उलगडत नाही. मग बघावं लागतं की रात्री कोण कुठे असतं. शेळ्या दिवसा राखणीखाली चरतात आणि अंधार पडला की गोठ्यात जातात. धनगरांची मेंढरं वाघूर म्हणजे जाळी लावून कोंडलेली असतात, भोवती माणसं झोपलेली असतात. कुत्रं मात्र उकिरड्यावर, बांधावर, वस्तीच्या कडेला मोकळं फिरत असतं, आणि बिबट्याची बाहेर पडायची वेळही तीच. गणतीत शेळ्या सातपट असतील, पण बिबट्याच्या वाट्याला येण्याजोग्या शेळ्या त्याहून फारच कमी असणार. डोकी मोजून काढलेल्या निर्देशांकात हे बंद दार दिसत नाही. माझ्या मते या निर्देशांकांतली सगळ्यात मोठी त्रुटी हीच आहे.

जंगलात वाटा आणि निवड यांतला फरक कसा दिसतो ते कर्नाटकातल्या नागरहोळे अभयारण्यात कळतं. उल्हास कारंथ आणि मेल सनक्विस्ट यांनी १९९५ मध्ये तिथल्या वाघ, बिबट्या आणि रानकुत्र्यांच्या शिकारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. नागरहोळेत चितळ मुबलक, गवा त्या मानाने कमी. तरीही वाघाची निवड गव्याकडे झुकलेली निघाली. वाघाच्या मुख्य शिकारीचं सरासरी वजन ९१.५ किलो भरलं, रानकुत्र्यांचं ४३.४ आणि बिबट्याचं ३७.६. तिघेही एकाच रानात, एकाच कळपांवर जगत होते. तरी प्रत्येकाचा हिशेब वेगळा, कारण धोका आणि मिळकत प्रत्येकाची वेगळी. एकट्या बिबट्याला पूर्ण वाढलेला गवा म्हणजे मरणाशी गाठ. वाघाने गव्यातही लहान वयाचीच जनावरं जास्त घेतली. चितळ, सांबर आणि रानडुकरांत मात्र त्याने मारलेले बरेच प्राणी वयात आलेले नर होते. निवड नुसत्या जातीची नसते. एकाच जातीत कोण एकटं हिंडतंय, कोण बेसावध आहे, कोण आपसातल्या झुंजीत जखमी झालंय, तिथपर्यंत ती पोचते.

आणखी एक अडचण अशी की वाटाही दिसतो तितका सरळ नसतो. लहान प्राण्याच्या अंगावर किलोमागे कातडी आणि केस जास्त. त्यामुळे तेवढंच मांस खाल्लं तरी लहान प्राण्याचे केस जास्त विष्ठांमध्ये सापडतात. प्यूमा या अमेरिकेतल्या मोठ्या मांजरांना खाऊ घालून केलेल्या प्रयोगांतून १९८४ साली यावर एक सूत्र बसवलं गेलं. त्यानुसार १० किलोच्या प्राण्याच्या केसांची एक विष्ठा म्हणजे सुमारे २.३ किलो खाणं, तर १०० किलोच्या प्राण्याची एक विष्ठा म्हणजे सुमारे ५.५ किलो. ही दुरुस्ती न करता नुसत्या विष्ठा मोजल्या, तर ससे-उंदीर फुगून दिसतात आणि सांबर आक्रसतं.

या भेदाची खरी गरज गावात पडते. ‘बिबटे कुत्र्यांसाठी येतात, कुत्री हटवा म्हणजे बिबटे जातील’ हा सल्ला वाट्याच्या आकड्यावर उभा आहे. कुत्रं सर्वांत सहज मिळतं म्हणून सर्वांत जास्त खाल्लं जात असेल, तर ते नाहीसं झाल्यावर बिबट्या त्यानंतर जे सहज मिळेल तिकडे वळणार, आणि बहुतेक गावांत ते कुडाच्या भिंतींचा, वरून उघडा शेळ्यांचा वाडाच असतो. तेव्हा कुत्र्यांचं काय करायचं ते ठरवण्याआधी त्या वाड्याला चारी बाजूंनी आणि वरूनही मजबूत जाळी लागली पाहिजे, आणि दाराला कडी.