डेंग्यूचा डास गटारात होत नाही
डेंग्यूची साथ आली की ‘गटारं साफ करा, धूर मारा’ अशी ओरड होते. गटारात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स जातीचा डास. डेंग्यू पसरवणारा एडिस डास वाढतो आपल्या घरातल्या स्वच्छ, साठलेल्या पाण्यात आणि चावतो दिवसा. पुण्याजवळच्या वाकड-हिंजवडीसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या भागांत टँकरचं पाणी साठवावंच लागतं, शेजारी बांधकामांच्या उघड्या टाक्या. एडिसला आणखी काय हवं? धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. अंड्याचा डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला पिंप रिकामं करायचं. पण नुसतं ओतून भागत नाही. अंडी आतून पाण्याच्या रेषेजवळ चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तगतात. पिंप काथ्याने घासा. फ्रिजमागचा ट्रेही बघा.