विद्यापीठाच्या आर्काइव्हमधला जुना फोटो हवाय? अर्ज कसा करायचा, कोण करू शकतं, काय जोडायचं

आजोबा प्राध्यापक होते आणि त्यांच्या डिपार्टमेंटचा स्टाफ फोटो घरी कुणाकडेच नाही, किंवा विभागाची स्मरणिका काढायचीय, किंवा कुणी जुन्या प्रयोगशाळांवर पीएचडी करतंय, कारण काहीही असलं तरी शेवटी विद्यापीठाच्या आर्काइव्हचंच, म्हणजे जुने कागद आणि फोटो जपून ठेवणाऱ्या विभागाचंच, दार ठोठवावं लागतं. ते कुठे लायब्ररीच्या स्पेशल कलेक्शनमध्ये असतं, कुठे रजिस्ट्रारच्या ऑफिसखाली, आणि गेल्या वीसेक वर्षांतले डिजिटल फोटो तर बहुतेक वेळा जनसंपर्क विभागाच्या हार्डडिस्कवरच पडलेले असतात. म्हणून अर्जाच्या आधी एक साधा मेल टाकून विचारून घ्या की या काळातले फोटो नक्की कुणाकडे आहेत, नाहीतर तुमचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसतो.

बहुतेक अर्ज अडतात ते एकाच ठिकाणी. लोक लिहितात "विभागाचे जुने फोटो मिळावेत". आर्काइव्हवाल्यांना फोटोचं वर्णन नाही, नंबर लागतो, म्हणजे तो कुठल्या संग्रहात, कुठल्या बॉक्समध्ये, कुठल्या फोल्डरमध्ये आहे त्याचा. मी पहिला अर्ज केला तेव्हा "रसायनशास्त्र विभागाचे १९५० च्या दशकातले फोटो" एवढंच लिहून मोकळा झालो होतो, तीन आठवड्यांनी उत्तर आलं त्यात एकही फोटो नाही, नुसती बॉक्सची लांबलचक यादी आणि खाली एक ओळ की यातलं काय हवंय ते कळवा. तेव्हा डोकं फिरलं होतं, पण आता वाटतं की त्यांनी दुसरं करायचं तरी काय.

नंबर कसा शोधायचा

आर्काइव्हमध्ये प्रत्येक फोटोची वेगळी नोंद असेलच असं नाही. आधी संग्रह, मग त्यातली मालिका, मग बॉक्स, मग फोल्डर, अशी उतरंड असते आणि वर्णन बऱ्याचदा फोल्डरपाशीच संपतं, म्हणजे "अध्यापक, गट छायाचित्रे" एवढंच लिहिलेलं आणि आत साठ फोटो. ही उतरंड ज्या यादीत असते तिला फाइंडिंग एड म्हणतात, ती वेबसाइटवर असते किंवा मागितली की मिळते, ती आधी वाचा. नुसतं माणसाचं नाव टाकून सर्च करू नका. विभाग, इमारत, पदवीदान, वसतिगृह, क्रिकेट संघ, नाट्यमंडळ असं सगळं टाकून बघा. विभागाचं जुनं नावही टाका, कारण आजचं फिजिक्स जुन्या विद्यापीठांत नॅचरल फिलॉसॉफी या नावाखाली असायचं. आणि बाई शोधत असाल तर जुन्या कॅप्शनमध्ये ती नवऱ्याच्या नावाने, मिसेस अमुक अशी असू शकते, किंवा प्रयोगशाळेच्या फोटोत कडेला उभी आणि कॅप्शनमध्ये नावच नाही.

साल माहीत नसेल तर फोटोच बऱ्यापैकी बोलतो. फोटोग्राफीची जाहीर सुरुवात १८३९ ची, आणि गंमत म्हणजे ती लगेच विद्यापीठात पोचली, न्यूयॉर्क विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या जॉन ड्रेपर यांनी १८३९-४० च्या सुमारास आपल्या बहिणीचा फोटो काढला तो अगदी सुरुवातीच्या व्यक्तिचित्रांत गणला जातो. पत्त्याच्या पानापेक्षा जरा मोठ्या जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला प्राध्यापकाचा फोटो असेल तर तो बहुधा १८६०-७० च्या दशकांतला, मागे स्टुडिओचा छाप असतो तोही बघा. काचेची निगेटिव्ह १८५० नंतर आली आणि विसाव्या शतकातही बरीच वर्षं चालली. विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेले खोलीतले, कट्ट्यावरचे, जरा हललेले फोटो दिसायला लागतात ते कोडॅकचा १८८८ चा कॅमेरा आणि १९०० चा स्वस्त ब्राउनी आल्यानंतर, त्याआधीचा कॅम्पस म्हणजे सगळे ताठ उभे. आणि तो हातभर लांब फोटो, ज्यात अख्खं कॉलेज ओळीने बसलंय, तो गोल फिरणाऱ्या सर्कट कॅमेऱ्याचा, म्हणजे १९०४ नंतरचा. मुलांना अर्धवर्तुळात बसवायचे म्हणून फोटोत रांग सरळ येते आणि मागची इमारत वाकडी दिसते. कॅमेरा फिरेपर्यंत एखादा पोरगा मागून धावत दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहायचा, त्यामुळे एकच चेहरा दोन्ही टोकांना दिसला तर जुळे भाऊ समजून अर्जात लिहू नका.

कोण अर्ज करू शकतं

सरकारी विद्यापीठांत साधारण कुणीही, खासगी ठिकाणी कधी कधी आधी आजी-माजी विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक, आणि बाहेरच्यांना कुणाचं तरी शिफारसपत्र. नातेवाइकांना वेगळा हक्क असतो असं लोकांना वाटतं, पण जाहीर गट-फोटोसाठी नातं लागतच नाही, आणि वैयक्तिक फाइलमधल्या फोटोसाठी नुसतं नातं पुरत नाही. प्रवेश अर्जाला चिकटवलेला पासपोर्ट फोटो किंवा प्राध्यापकाच्या सेवापुस्तकातला फोटो हा त्या नोंदीचा भाग असतो आणि अशा नोंदी कित्येक वर्षं बंद ठेवतात, तिथे त्या व्यक्तीची लेखी संमती किंवा मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा मागतात.

कागदपत्रं

सरकारी फोटो ओळखपत्राची प्रत, भरलेला फॉर्म, आणि हेतूचं पत्र, बस. विद्यार्थी असाल तर गाइडची सही, प्रकाशक किंवा चॅनल असेल तर त्यांच्या लेटरहेडवर पत्र. हेतूच्या पत्रात मात्र कंजूषपणा करू नका, "संशोधनासाठी" हा शब्द तिथे रोज शंभरदा वाचला जातो. कुठल्या पुस्तकात, किती प्रती, छापील की ऑनलाइन, मुखपृष्ठावर की आत, कुठल्या भाषेत, हे सगळं लिहा, कारण पुढची फी आणि परवानगी यावरच ठरते.

परवानग्या दोन असतात, एक नाही

हा भाग नीट वाचा, कारण जवळजवळ सगळे इथेच फसतात. एक परवानगी कॉपीची, म्हणजे स्कॅन करून द्या. दुसरी वापराची, म्हणजे तो स्कॅन छापायची किंवा ऑनलाइन टाकायची. स्कॅनची फी भरली, फाइल मेलवर आली, म्हणून ती स्मरणिकेत छापता येते असं होत नाही. आणि त्याच्याही पलीकडे, आर्काइव्हकडे प्रिंट आहे म्हणजे कॉपीराइट आहे असंही नाही. फोटो विद्यापीठाच्या पगारी फोटोग्राफरने काढला असेल तर हक्क बहुधा विद्यापीठाचा, पण बाहेरच्या स्टुडिओने काढला असेल तर हक्क स्टुडिओचा किंवा त्याच्या वारसांचा असू शकतो, आणि एखाद्या माजी विद्यार्थ्याने अल्बम दान दिला असेल तर सगळं दानपत्रात काय लिहिलंय त्यावर. म्हणून अर्जातच विचारा की हक्क कुणाकडे आहे आणि दानपत्रात काही अट आहे का.

जुना आहे म्हणजे फुकट आहे, हाही गैरसमज. बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या जुन्या आंतरराष्ट्रीय करारात, फोटोंना किमान २५ वर्षांचंच संरक्षण होतं, १९९६ च्या वायपो (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) कॉपीराइट करारानंतर फोटोही बाकी कृतींच्या रांगेत आले, त्यामुळे आता बऱ्याच देशांत फोटोग्राफरच्या मृत्यूनंतर कुठे ५०, कुठे ६०, कुठे ७० वर्षं मोजतात. १९४० चा फोटो काढणारा माणूस १९९० पर्यंत जगला असेल तर करा हिशोब. फोटोग्राफर सापडतच नसेल तर तुम्ही शोध घेतला याचे पुरावे, मेल, पत्रं, जपून ठेवा, काही देशांत अशा बेवारस कृतींसाठी वेगळी सोय आहे.

फॉर्ममध्ये स्कॅनचा रकाना

इथे "हाय क्वालिटी" लिहू नका, आकडे लिहा. ५ बाय ७ इंचाची प्रिंट ६०० डीपीआयला (एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केली तर ३००० बाय ४२०० पिक्सेल होतात, रंगीत टिफ फाइल (दर्जा न घटवता साठवलेली) साधारण ३८ एमबी, आणि ती ३०० डीपीआयने १० बाय १४ इंच छापता येते, स्मरणिकेला पुरून उरतं. पण ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हला ६०० डीपीआय म्हणजे टपाल तिकिटाएवढं काम, तिथे ४००० च्या आसपास मागा. जुना फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीत स्कॅन मागा, पिवळेपणा आणि डाग दिसतात, नंतर हवं तर रंग काढता येतो. आणि मागची बाजू! मागच्या बाजूचा स्कॅन वेगळा लिहून मागावा लागतो, नावं, तारीख, स्टुडिओ सगळं तिकडेच असतं.

स्वतः जाऊन बघणार असाल तर वेळ आधी घ्या. आत पेन नाही, पेन्सिल, बॅग बाहेर, फोटो हाताळताना हातमोजे देतात ते घाला, फ्लॅश बंद. मोबाइलने काढलेला फोटो तुमच्या नोंदीपुरता, छापायला चालत नाही.

नकार आला तर कारण लेखी मागा, कारण नकार वेगवेगळ्या जातीचे असतात. वैयक्तिक नोंद बंद आहे हा एक, त्याला वरच्या अधिकाऱ्याकडे अपील असतं. हक्क आमचा नाही हा दुसरा, तिथे हक्कदाराचं पत्र आणलं की काम होतं. आणि तिसरा, वस्तू द्यायच्या स्थितीत नाही. १९५० च्या आसपासपर्यंतच्या बऱ्याच फिल्म नायट्रेटच्या होत्या, त्या सहज पेट घेतात म्हणून थंड जागी वेगळ्या ठेवतात आणि रीडिंग रूममध्ये आणत नाहीत. नंतरच्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरचा वास सुटतो आणि ती आक्रसते. अशा वेळी भांडत बसण्यापेक्षा आधीच काढलेली प्रिंट किंवा स्कॅन आहे का ते विचारा, अनेकदा असतो.

परवानगी मिळाली की तिच्यातली क्रेडिट लाइन, म्हणजे फोटो कुणाच्या सौजन्याने ती ओळ, जशीच्या तशी छापा, नंबरासकट, आणि दुसरी आवृत्ती काढताना परत विचारा, परवानगी बहुतेक एका वापरापुरती असते. फोटोतले चेहरे तुम्हाला ओळखता आले तर तेही कळवा, पण फोटोवर किंवा मागे काही लिहू नका, झेरॉक्सवर डोक्यांना आकडे द्या आणि खाली नावं लिहा, आणि "डावीकडून" म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडून की बसलेल्यांच्या, तेवढं स्पष्ट करा.