आकारांमागची अक्षरं

ठाण्याहून पनवेलला लोकलने जाताना सोबतच्या मुलाच्या हातात मोबाइलऐवजी एक कागद द्या. त्यावर याच मार्गावरच्या तीन स्टेशनांची नावं अशी लिहा:

△○□○
□☆◇✚
♡○✚

काना-मात्रा सोडून द्यायच्या, जोडाक्षर एकच धरायचं आणि एका अक्षराला कायम एकच आकार, एवढेच नियम.

पहिल्या नावात दुसरं आणि चौथं अक्षर सारखं आहे. चार अक्षरांचं असं नाव या मार्गावर एकच: खारघर. म्हणजे त्रिकोण ख, गोल र आणि चौकोन घ. दुसरं नाव 'घ'ने सुरू होतं, म्हणजे घणसोली, आणि त्यावरून अधिकचं चिन्ह ल ठरतं. तिसऱ्याच्या मधोमध र आहे. इथे 'नेरुळ' चटकन तोंडावर येतं, पण शेवटचं चिन्ह तर ल आहे. नेरुळ बाद, ऐरोली पक्कं.

मला या कोड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती नेरुळ सोडून देणं. डोळ्यांनी टिपलेलं चित्र आधी मेंदूच्या मागच्या भागात पोचतं, तिथून पुढे आकार ओळखले जातात. कपाळामागचा भाग मात्र वेगळंच काम करत असतो: 'गोल म्हणजे र' हे धरून ठेवायचं, नवा अंदाज त्याच्याशी ताडून पाहायचा आणि घाईने सुचलेलं उत्तर रोखायचं. या धरून ठेवण्याला कार्यस्मृती म्हणतात. मानसशास्त्रज्ञ अॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये तिचा जो आराखडा मांडला, त्यात पाहिलेल्या आकारांसाठी आणि ऐकलेल्या-उच्चारलेल्या शब्दांसाठी वेगळे कप्पे आहेत. आपल्या कोड्यात दोन्ही लागतात, कारण आकार डोळ्यांसमोर असतो आणि स्टेशनाचं नाव मनातल्या मनात उच्चारावं लागतं. ही स्मृती फार तोकडी असते, एका वेळी तीन-चार गोष्टींपलीकडे ताण पडतो. म्हणून मुलाने सापडलेली अक्षरं कागदाच्या कडेला लिहून ठेवली तर त्याला अडवू नका.

सारख्या चिन्हांवर बोट ठेवण्याच्या याच युक्तीने एक अख्खी लिपी उलगडली आहे. सांचीच्या कठड्यावरचे छोटे छोटे ब्राह्मी लेख पाहताना इंग्रज अभ्यासक जेम्स प्रिन्सेप यांना दिसलं, की बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरं येतात. भाविकांनी दिलेल्या देणग्यांच्या या नोंदी असाव्यात, म्हणजे तो शब्द 'दानं' असणार, हा त्यांचा अंदाज. तो बरोबर निघाला आणि १८३७ मध्ये ब्राह्मी वाचता येऊ लागली. मुरबाडकडून चढून गेल्यावर नाणेघाटाच्या गुहेत सातवाहनांचा जो लेख दिसतो, तोही ब्राह्मीतलाच.

आता फायद्याबद्दल. 'रोज कोडी सोडवा आणि बुद्धी वाढवा' या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. २०१० मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ११,४३० जणांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे व्यायाम केले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत ते तरबेज झाले, पण इतर कामांत, अगदी जवळच्या कामांतही, ती हुशारी उतरली नाही.

ज्येष्ठांबाबत मात्र चित्र बरंच आश्वासक आहे. अमेरिकेत ६५ वर्षं आणि त्यावरच्या २,८३२ जणांवर 'अॅक्टिव्ह' नावाची चाचणी झाली. त्यातल्या एका गटाला अक्षरांच्या आणि आकड्यांच्या मालिकांमधली रचना शोधायला शिकवलं होतं, तेही अवघ्या दहा सत्रांत. दहा वर्षांनीही त्या गटाची तर्कशक्ती प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा सरस होती. चाचण्यांमधला फायदा मुख्यतः शिकवलेल्या कौशल्यापुरताच होता, पण तो इतका टिकला हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून कोडं सवयीचं होऊ देऊ नका. आजी-आजोबांना आणि नातवंडांना एकमेकांसाठी कोडी रचू द्या आणि हळूहळू ती अवघड करत न्या. आधी शब्दांमधली जागा काढून टाका, म्हणजे एक नाव कुठे संपतं ते कळणार नाही. मग सारखं सारखं येणाऱ्या अक्षराला दोन-तीन आकार द्या. इटलीतल्या मांतुआमध्ये १४०१ सालीच गुप्तलिपीत स्वरांसाठी अशी अनेक चिन्हं वापरली गेली होती. आपल्या स्टेशनांच्या यादीत हा मान 'र'चा.