हाँगकाँगला जहाज लागतं, पण कुठल्या धक्क्याला?

क्रूझच्या कार्यक्रमात ‘हाँगकाँग, सकाळी ८ ते संध्याकाळी ६’ एवढंच छापलेलं असतं आणि आपण लगेच काय काय बघायचं याची यादी करायला बसतो. त्याआधी बुकिंग करणाऱ्याला एक गोष्ट विचारा: जहाज ओशन टर्मिनलला लागणार की काई टाकला? दोन्ही धक्के काउलूनच्याच, म्हणजे हाँगकाँग बेटासमोरच्या मुख्य भूमीच्या बाजूला आणि दोन्ही मधल्या व्हिक्टोरिया हार्बरवर आहेत, त्यामुळे पुष्कळ जण ते एकच समजतात. पण हाताशी जेमतेम आठ-दहा तास असताना या एका नावावर सगळा दिवस ठरतो.

ओशन टर्मिनल जुनं, १९६६ सालचं. त्सिम शा त्सुईच्या टोकाशी, अगदी भरवस्तीत. जहाजातून उतरून तपासणी झाली की तुम्ही थेट हार्बर सिटी मॉलमध्येच येता. बाहेर पडलं की लगेच स्टार फेरीचा धक्का आणि पलीकडे १९१५ सालचा घड्याळाचा मनोरा. इथलं रेल्वे स्टेशन कधीच पाडलं, मनोरा तेवढा राखला. थोडं चाललं की नेथन रोड आणि तिथलं चुंगकिंग मॅन्शन्स. इमारत कळकट आहे, पण सोबत शाकाहारी ज्येष्ठ मंडळी असतील तर भारतीय जेवणाची सोय इथे नक्की होते.

आणि स्टार फेरी चुकवू नका. मुंबईहून गेलेल्या दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी १८८८ मध्ये काउलून आणि हाँगकाँग बेट यांच्यात प्रवासी बोटींची नियमित सेवा सुरू केली, तीच पुढे १८९८ मध्ये स्टार फेरी झाली. आपल्या माणसाने सुरू केलेली ही सेवा आजही तिथे रोज धावते, याचं मला फार अप्रूप वाटतं. हिरव्या-पांढऱ्या बोटी, प्रत्येकीच्या नावात ‘स्टार’. बोटीची दोन्ही टोकं सारखीच, त्यामुळे ती परतताना वळत नाही. बाकांची पाठ मात्र आपण हाताने पुढे-मागे ढकलायची, म्हणजे तोंड जायच्या दिशेला होतं. दहाएक मिनिटांत पलीकडे बेटावरच्या सेंट्रल भागात. तिथून व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर चढणाऱ्या पीक ट्रामचं स्टेशनही लांब नाही. ओशन टर्मिनलला उतरलात तर हे सगळं सावकाश जमतं.

काई टाकची गोष्ट वेगळी. इथे पूर्वी विमानतळ होता. घरांच्या छपरांवरून, अगदी खालून येऊन उतरणारी विमानं ज्यांनी अनुभवली, ती माणसं अजून त्याबद्दल बोलतात. जुलै १९९८ मध्ये तो बंद झाला आणि समुद्रात आत शिरलेल्या त्याच धावपट्टीच्या टोकावर २०१३ मध्ये हे टर्मिनल उघडलं. आराखडा ब्रिटिश वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांच्या संस्थेचा. गरजही खरी होती. अजस्र जहाजं ओशन टर्मिनलला मावत नव्हती, त्यांना क्वाई चुंगच्या कंटेनर बंदरात उभं राहावं लागे. आता तसली जहाजं बहुधा काई टाकलाच येतात. गच्चीवर मोठी बाग आहे आणि तिथून दिसणारं हार्बर खरोखर सुंदर आहे.

अडचण बाहेर पडल्यावर सुरू होते. टर्मिनलच्या तिन्ही बाजूंना पाणी, शहराकडे जायचा रस्ता एकाच अंगाने. त्यात ‘काई टाक’ नावाचं मेट्रो स्टेशन २०२० मध्ये सुरू झालं. नाव बघून लोक चालत निघायचा बेत करतात, पण ते जुन्या विमानतळाच्या पार दुसऱ्या अंगाला आहे. सामान आणि मुलं घेऊन तिथवर पायपीट करू नका. ऑगस्ट २०२३ मध्ये एका बड्या जहाजाचे प्रवासी उतरले तेव्हा टॅक्सीसाठी एवढ्या रांगा लागल्या की वर्तमानपत्रांनी प्रशासनाला धारेवर धरलं. म्हणून जहाजाची शटल बस आहे का, कुठे सोडते आणि शेवटची परत कधी, हे आदल्या रात्रीच रिसेप्शनवर विचारून ठेवा.

काई टाकला उतरून पीक गाठायचा हट्ट मी तरी धरणार नाही. जवळच्या काउलून सिटी भागात वॉल्ड सिटी नावाच्या, आता पाडलेल्या दाटीवाटीच्या वस्तीच्या जागी शांत, देखणं उद्यान आहे, आसपास थाई खाणावळी आहेत, आणि वाँग ताई सिनचं मंदिरही त्याच अंगाला आहे. तेवढं करून वेळ उरला तर त्सिम शा त्सुईला जाऊन फेरीची एक चक्कर मारा.

धक्का कुठलाही असो, भारतीय पासपोर्टवर हाँगकाँगला व्हिसाशिवाय १४ दिवसांपर्यंत राहता येतं, पण त्यासाठी आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे. नाव पासपोर्टवर आहे तसंच भरा आणि कागद छापून जवळ ठेवा.

परतताना टॅक्सीवाल्याला नुसतं ‘क्रूझ टर्मिनल’ सांगू नका, भलत्याच धक्क्यावर पोहोचाल. टर्मिनलचं नाव चिनी लिपीत फोनमध्ये साठवून ठेवा आणि तेच दाखवा. जहाजावर परतायची वेळ सुटण्याच्या बऱ्याच आधीची असते. काई टाकला जायचं असेल तर तीही धरून वर आणखी तासभर हाताशी ठेवून निघा.