क्रॉस फाइलिंग आणि ड्रॉ फाइलिंग: कड सरळ होते ती कशाने?

घरी व्हाइस (काम घट्ट धरणारा शिकंजा) लावून कानस मारायला लागलेल्या बऱ्याच जणांचा समज असतो, की क्रॉस फाइलिंगने माल काढायचा आणि ड्रॉ फाइलिंगने कड सरळ करायची. पहिलं बरोबर आहे. दुसऱ्याच्या नादात मी ६ मिमी जाडीच्या एम.एस. (माइल्ड स्टील, साधं पोलाद) पट्टीची बरी असलेली कड घालवली.

क्रॉस फाइलिंगमध्ये कानस स्वतःच्या लांबीत, कामावरून जराशी तिरकी पुढे जाते. कापते ती पुढे जातानाच, म्हणून मागे येताना दाब सोडायचा. खरी गोम दोन हातांच्या जोरात आहे. सुरुवातीला टोकावरच्या डाव्या हाताचा जोर जास्त, मध्यावर दोन्ही सारखे, शेवटी मुठीवरचा उजवा भारी. ही अदलाबदल साधली नाही की कानस तराजूच्या दांडीसारखी झुलते, टोकं जास्त खाल्ली जातात आणि मधे फुगवटा राहतो. गुण्याचं (काटकोन तपासायच्या साधनाचं) पातं टेकवून उजेडासमोर धरलं की दोन्ही टोकांना फट दिसते.

फट दिसली की हात ड्रॉ फाइलिंगकडे जातो. इथे कानस पट्टीला काटकोनात आडवी धरायची, दोन्ही हात कामाच्या जवळ, आणि पट्टीच्या लांबीवर सरकवायची. झोल कमी जातो, रेघा एका दिशेत येतात, कड चकाकते. डोळा फसतो तो इथेच. पट्टीच्या लांबीत टेकलेली असते ती फक्त कानशीची रुंदी, म्हणजे साधारण इंचभर. त्यामुळे ती लांब चढउतारावरून चढत-उतरत जाते. त्यात टोकाच्या अलीकडेच हात थांबत राहिला, की मधे खोलगट होते.

म्हणून फुगवटा क्रॉस फाइलिंगनेच काढा. कडेवर मार्कर फासा, पाच-सहा हात मारून तिरकेपणाची बाजू बदला; रेघांची जाळी कुठे पडली त्यावरून कानस कुठे टेकते ते कळतं. कड सरळ मिळाल्यावर ड्रॉ फाइलिंगचे मोजके हात, तेही सिंगल कट (एकाच दिशेत दातांच्या रांगा असलेल्या) स्मूथ, म्हणजे बारीक दातांच्या कानशीने, खडू चोळून. खडूमुळे कीस दातांत कमी अडकतो. डबल कटने (एकमेकांना छेदणाऱ्या दातांच्या रांगांच्या कानशीने) चरे पडतात.

आणि गुण्या लावण्याआधी बर, म्हणजे कडेला उभी राहिलेली धातूची बारीक कोर, काढा. मी एकदा अर्धा तास ज्या फटीमागे लागलो होतो, ती नखाला लागणाऱ्या बरीमुळे पडलेली होती.