पार्श्वभूमी : सुआरेझ, गोलरेषेवरचा हात आणि न फिटलेला हिशेब

उरुग्वेचा फुटबॉलपटू लुइस सुआरेझ याच्यावरचा राग नेमका कधीपासून, याचं उत्तर गावागणिक बदलतं. घानाची राजधानी अक्रामध्ये विचारलं तर २ जुलै २०१० ही तारीख सांगतील. मँचेस्टरमध्ये १५ ऑक्टोबर २०११ आणि इटलीत २४ जून २०१४. प्रकरणं तीन आणि तिन्हींची जात वेगळी, पण त्यांची एकत्र मोट बांधून ‘फुटबॉलमधला खलनायक’ असा एकच शिक्का मारला जातो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. प्रतिस्पर्ध्याला चावणं किंवा त्याच्या वर्णावरून बोलणं याची वकिली कुणी करू नये. गोलरेषेवर चेंडू हाताने अडवणं हा मामला मात्र निराळा आहे. या टिपणातली बरीचशी जागा त्यालाच दिली आहे, कारण त्यामागचा वाद सुआरेझच्या जन्माच्या शंभर वर्षं आधीचा आहे.

२०१० च्या विश्वचषकातला जोहान्सबर्गमधला तो उरुग्वे-घाना उपउपांत्य सामना आपल्याकडे मध्यरात्री बाराला सुरू झाला होता. निर्धारित वेळेत १-१, जादा वेळेतही तेच. अडीच वाजायला आले, बरेचजण पेंगायला लागले आणि शेवटच्या मिनिटात घानाला फ्री किक मिळाली. गोलसमोर झुंबड उडाली. पहिला फटका रेषेवर सुआरेझच्या पायाला लागून परतला. लगेच आलेला हेडर त्याने दोन्ही हातांनी, गोलरक्षकासारखा, बाहेर ढकलला. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या सहकाऱ्यानेही हात उचललेला फोटोत दिसतो, पण त्याच्या हाती चेंडू लागला नाही म्हणून त्याचं नाव आज कुणाच्या लक्षात नाही. पंचांनी लाल कार्ड दाखवून त्याला बाहेर काढलं आणि घानाला पेनल्टी दिली, म्हणजे समोर फक्त गोलरक्षक असताना जवळून फटका मारण्याची संधी. सुआरेझ रडवेल्या चेहऱ्याने बाहेर निघाला, बोगद्याच्या तोंडाशी थबकून मागे पाहू लागला. घानाच्या असामोआ ग्यानचा फटका क्रॉसबारला, म्हणजे गोलच्या वरच्या आडव्या दांड्याला लागून वर उडाला आणि कॅमेऱ्याने उड्या मारणारा सुआरेझ टिपला. पुढे शूटआऊटमध्ये, म्हणजे आळीपाळीने मारलेल्या पेनल्टींवर, उरुग्वे ४-२ ने जिंकला. तिथे घानाची पहिली पेनल्टी मारायला ग्यानच पुढे आला आणि त्याने ती नीट घातली, हे सहसा कुणी सांगत नाही. ज्याचा हेडर अडवला गेला होता त्या तरुणाची पेनल्टी मात्र हुकली.

त्या क्षणापर्यंत आफ्रिकेतला कोणताही संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत गेला नव्हता, आणि स्पर्धा आफ्रिकेतच भरली होती. रागाची धार समजून घ्यायची तर हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या बाजूला उरुग्वे. पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी लोकसंख्येचा देश, उपांत्य फेरीचं तोंड १९७० नंतर पाहिलेलं नाही. तिथे आजही सांगतात की मुळात ती फ्री किकच चुकीची दिली होती आणि पुढच्या गडबडीत घानाचा एक खेळाडू ऑफसाइड होता. हा त्यांचा बचाव. मला तो फारसा पटत नाही, कारण त्याची गरजच नाही.

गरज का नाही, हे नियमाच्या इतिहासातून कळतं. हाताने गोल अडवला तर समोरच्या संघाला सरळ गोल बहाल करायचा, असा नियम इंग्लंडमध्ये १८८२ साली खरोखरच झाला होता. तो एकच हंगाम टिकला, १८८३ मध्ये काढून टाकला. पुढे फेब्रुवारी १८९१ मध्ये एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेच्या एका सामन्यात स्टोकचा संघ नॉट्स काउंटीविरुद्ध ०-१ ने मागे होता. शेवटी शेवटी स्टोकचा चेंडू गोलमध्ये जात असताना काउंटीच्या बचावपटूने रेषेवर तो ठोसा मारून परतवला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे स्टोकला मिळाली फक्त फ्री किक, तीही गोलरेषेपासून काही इंचांवर. गोलरक्षक चेंडूसमोर जाऊन उभा राहिला आणि विषय संपला. काउंटी पुढे अंतिम सामन्यापर्यंत गेली. आयर्लंडमधल्या एका गोलरक्षकाने पेनल्टीची कल्पना आदल्या वर्षीच मांडली होती. तिची तोवर टिंगलच झाली होती, सज्जन माणसं मुद्दाम नियम मोडतात असं गृहीत धरणं हा खेळाडूंचा अपमान आहे, असं हौशी मंडळींचं म्हणणं. स्टोकच्या सामन्यानंतर हा सूर खाली आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये पेनल्टीचा नियम मंजूर झाला.

म्हणजे पेनल्टी जन्मालाच आली ती अशा हातासाठी. नियम करणाऱ्यांपुढे दोन पर्याय होते, गोल बहाल करणं किंवा गोलची मोठी संधी देणं. पहिला आजमावून सोडलेला होता, म्हणून दुसरा घेतला. गोल हा चेंडू रेषा ओलांडूनच व्हायला हवा हे तत्त्व तेव्हा पक्कं झालं आणि आजवर हललेलं नाही. रग्बीत पेनल्टी ट्राय आहे, म्हणजे गैरमार्गाने अडवलेला गुण पंच देऊन टाकतात. बास्केटबॉलमध्ये बास्केटकडे उतरणारा चेंडू बचाव करणाऱ्याने अडवला तर गुण धरले जातात. फुटबॉल मात्र अडून बसलं. १९९० नंतरच्या काळात त्यात लाल कार्डाची सक्ती जोडली गेली, म्हणजे दंड आणखी कडक झाला, पण त्याचा स्वभाव तोच राहिला. संधी परत मिळते, गोल परत मिळत नाही.

२०१० नंतर गोल बहाल करण्याची मागणी पुन्हा जोरात आली. विरोधातला नेहमीचा मुद्दा असा की चेंडू आत गेलाच असता हे पंचाने कशावरून ठरवायचं? साधारण प्रसंगी हा मुद्दा रास्त आहे. जोहान्सबर्गमध्ये मात्र तो लागू पडत नाही. मागे कुणी नव्हतं, चेंडू क्रॉसबारच्या खाली होता, आत जाणार यात तिळमात्र शंका नव्हती. तेव्हा नियम अपुरा होता असं कुणी म्हटलं तर मान्य. पण त्या अपुरेपणाचं खापर खेळाडूच्या डोक्यावर फोडणं हा वेगळा व्यवहार झाला. सुआरेझने लपवाछपवी केली नाही, पंचांना फसवलं नाही. पुस्तकात लिहिलेली शिक्षा त्याला जशीच्या तशी झाली, कार्ड, पेनल्टी आणि एका सामन्याची बंदी. त्याच्याविना उरुग्वे उपांत्य सामना नेदरलँड्सकडून २-३ ने हरला. ग्यानचा फटका चार बोटं खाली बसला असता तर हीच गोष्ट ‘आततायीपणा नडला’ या मथळ्याखाली दोन दिवस चालली असती.

तुलनेला दोन हात हाताशी आहेत. १९८६ मध्ये मेक्सिकोत मॅराडोनाने हाताने गोल केला, पंचांना तो दिसला नाही, शिक्षा शून्य. इंग्लंड सोडलं तर जगाने त्याचं कौतुकच केलं. नोव्हेंबर २००९ मध्ये, म्हणजे घानाच्या सामन्याच्या जेमतेम साडेसात महिने आधी, फ्रान्सच्या कर्णधाराने आयर्लंडविरुद्ध चेंडू हाताने आवरून पास दिला आणि त्यावर झालेल्या गोलने फ्रान्स विश्वचषकाला गेलं. आयर्लंडने सामना पुन्हा खेळवण्याची मागणी केली, ती फेटाळली गेली. प्रकरण कोर्टात जाऊ नये म्हणून फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, आयर्लंडच्या संघटनेला पन्नास लाख युरो दिल्याचं २०१५ मध्ये बाहेर आलं. या दोघांपैकी एकालाही कार्ड मिळालं नाही. ज्याला मिळालं तो जास्त वाईट ठरला, हे गणित मला कधीच जुळलेलं नाही. कारण बहुधा त्या उड्यांमध्ये आणि नंतरच्या बोलण्यात असावं. ‘देवाचा हात’ आता माझा, असं तो सामन्यानंतर म्हणाला. हरलेल्यांच्या जखमेवर मीठ चोळायला एवढं पुरेसं होतं. आठ दिवसांनी जर्मनीविरुद्ध तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात त्याच्या पायाला चेंडू लागला रे लागला की अख्खं मैदान हुर्यो उडवत होतं.

नावडत्या खेळाडूंची परंपरा अर्थातच जुनी आहे. १९८२ च्या उपांत्य सामन्यात फ्रेंच खेळाडूवर धडकून त्याचे दात पाडणारा जर्मन गोलरक्षक, १९९८ मध्ये लाल कार्ड घेऊन आल्यावर लंडनच्या पबबाहेर ज्याचा पुतळा फासावर लटकवला तो इंग्लिश मधल्या फळीचा खेळाडू, बार्सिलोना सोडून माद्रिदला गेल्यावर २००२ मध्ये ज्याच्या दिशेने डुकराचं मुंडकं आलं तो पोर्तुगीज. यातल्या प्रत्येकाला चाहत्यांनी एकेका पापासाठी धरलं होतं. सुआरेझचं खातं चालू राहिलं.

ऑक्टोबर २०११ मध्ये लिव्हरपूलकडून खेळताना त्याने मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला उद्देशून वर्णवाचक शब्द वापरला. आपल्या भागात तो शब्द सलगीने वापरतात, असा त्याचा बचाव होता. इंग्लिश फुटबॉल संघटनेच्या तीन सदस्यांच्या आयोगाने भाषातज्ज्ञांना विचारलं, ११५ पानांचा निकाल लिहिला आणि भांडणाच्या भरात सलगी कुठून आली, या अर्थाने बचाव नाकारला. आठ सामन्यांची बंदी, ४० हजार पौंड दंड. निकालानंतरच्या सामन्यात सराव करताना त्याच्या संघसहकाऱ्यांनी त्याच्या समर्थनाचे टी-शर्ट घातले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. त्यांच्यापैकी एकाने २०१९ मध्ये टीव्हीवर एव्हराची माफी मागितली, तोवर आठ वर्षं गेली होती. फेब्रुवारी २०१२ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर सुआरेझने हस्तांदोलन टाळलं आणि उरलीसुरली सहानुभूतीही घालवली.

चावे तीन. नोव्हेंबर २०१० मध्ये नेदरलँड्सच्या लीगमध्ये (सात सामने बंदी), एप्रिल २०१३ मध्ये चेल्सीच्या बचावपटूला (दहा सामने), आणि जून २०१४ मध्ये ब्राझीलमध्ये नाताल शहरात इटलीच्या किएलिनीला. गंमत अशी की यातल्या एकाही चाव्याला मैदानावर कार्ड मिळालं नाही, तिन्ही शिक्षा नंतर व्हिडिओ पाहून झाल्या. चेल्सीविरुद्ध तर चावल्यावर त्यानेच अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधणारा गोल केला. किएलिनी खांदा उघडा करून पंचांना दातांच्या खुणा दाखवत राहिला, दोन मिनिटांत उरुग्वेने गोल केला आणि इटली घरी गेली. पुस्तकातली शिक्षा जागच्या जागी झाली ती फक्त हाताला.

किएलिनी प्रकरणातली शिक्षा मोठी होती, नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने फुटबॉलशी कसलाही संबंध नाही, अगदी सरावसुद्धा नाही. उरुग्वेचे राष्ट्राध्यक्ष जागतिक संघटनेवर भर कॅमेऱ्यासमोर शिव्यांसकट बरसले. खुद्द किएलिनीनेही शिक्षा अती असल्याचं जाहीरपणे म्हटलं. अपिलात बंदी कायम राहिली, सरावाची मुभा तेवढी मिळाली. याच चार महिन्यांत बार्सिलोनाने त्याला विकत घेतलं. आदल्या हंगामात त्याने इंग्लिश लीगमध्ये एकही पेनल्टी न मारता ३१ गोल केले होते, वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून सहकाऱ्यांनी आणि पत्रकारांनी त्यालाच निवडलं होतं. निळू फुले पडद्यावर आले की बायाबापड्या बोटं मोडायच्या, पण तिकीटही त्यांच्याच नावावर काढायच्या. सुआरेझचं तसंच होतं. ‘आमच्याकडे असता तर’ हे वाक्य त्याला शिव्या देणाऱ्यांच्या तोंडी हमखास असायचं.

मग २०२२. कतारमधल्या विश्वचषकात घाना आणि उरुग्वे एकाच गटात आले आणि घानाच्या राष्ट्राध्यक्षांनी आम्ही बारा वर्षं सूडाची वाट पाहत आहोत असं सांगून टाकलं. सामन्याआधीच्या पत्रकार परिषदेत एका पत्रकाराने सुआरेझला तोंडावर सांगितलं की घानात तुम्हाला सैतान मानतात. माफी मागणार का? तो म्हणाला, मागणार नाही, कारण पेनल्टी मी हुकवली नव्हती. एखाद्याला दुखापत करून लाल कार्ड घेतलं असतं तर मागितली असती. उत्तर उर्मट होतं. मुद्दा बिनतोड होता.

२ डिसेंबरला अल वक्रात घानाला पुन्हा पेनल्टी मिळाली आणि पुन्हा हुकली. उरुग्वेने पहिल्या अर्ध्यातच दोन गोल केले. घाना बाहेर जाणार हे उघड होतं. पण तिकडे दुसऱ्या मैदानावर दक्षिण कोरियाने शेवटी पोर्तुगालला २-१ ने हरवलं आणि पुढच्या फेरीत जायला उरुग्वेला आणखी एक गोल हवा झाला. गुण सारखे, गोलफरक सारखा, केलेले गोल कोरियाचे चार, उरुग्वेचे दोन. तेव्हा घानाच्या खेळाडूंनी स्वतःसाठी खेळणं सोडून उरुग्वेला अडवायला सुरुवात केली. आपण जात नसू तर त्यांनाही जाऊ द्यायचं नाही असं आपण सहकाऱ्यांना सांगितलं, हे त्यांच्या एका बचावपटूने नंतर उघड कबूल केलं. ०-२ ने मागे असलेल्या संघाने भरपाईच्या वेळेत खेळाडू बदलून सेकंद खाल्ले. सुआरेझ तोवर बाकावर होता, शर्टात तोंड खुपसून रडत होता. हरलेल्या घानाच्या प्रेक्षकांनी जल्लोष केला. एवढ्या मनापासून साजरा झालेला पराभव फुटबॉलने क्वचितच पाहिला असेल. उपांत्य फेरीतला पहिला आफ्रिकी संघ त्यानंतर आठच दिवसांत ठरला, तो मोरोक्को.

सप्टेंबर २०२४ मध्ये सुआरेझने राष्ट्रीय संघ सोडला, तेव्हा त्याच्या नावावर उरुग्वेसाठी ६९ गोल होते, त्या देशात कुणाहीपेक्षा जास्त. २०२५ च्या ऑगस्टअखेर अमेरिकेत एका अंतिम सामन्यानंतर तो सिएटलच्या संघातल्या कर्मचाऱ्यावर थुंकला आणि पुन्हा बंदी ओढवून घेतली.

नियमाची चक्रं दरम्यान थोडी फिरली. २०१६ मध्ये पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याच्या प्रामाणिक प्रयत्नात झालेल्या फाउलला लाल ऐवजी पिवळं कार्ड आलं, पेनल्टी आणि कार्ड आणि बंदी अशी तिहेरी शिक्षा नको म्हणून. २०२४ मध्ये अजाणता लागलेल्या हातालाही तीच सवलत मिळाली. मुद्दाम घातलेल्या हाताला लाल कार्ड कायम आहे आणि गोल बहाल करण्याची तरतूद १८८३ नंतर नियमपुस्तकात परत आलेली नाही.